पुरीएवढी पुली

व्हर्जिनिया राज्यातल्या हर्नडन गावी, एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, निवृत्त इंजिनिअर चारुदत्त अष्टपुत्रे यांच्या गार्डन ट्रॅक्टरची पुली तुटली. त्या वेळी अर्धं लॉन कापून झालं होतं, अर्धं व्हायचं होतं. कोणीही जखमी झालं नाही.

ट्रॅक्टर १९६७ सालचा, ब्रॅमवेल कंपनीचा. कंपनी बुडून चाळीस वर्षं झाली होती, पण ट्रॅक्टरला तसं कोणी कळवलं नसल्यामुळे तो चालत होता. चारुदत्तांनी पहिलं घर घेतलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याकडून तो घेतला होता. अमेरिकेत स्वतःच्या हाताने खोलून पुन्हा जोडलेली ती त्यांची पहिली वस्तू. मुलगी अनया चालायला लागायच्या आधी या ट्रॅक्टरवर बसली होती. आता ती फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट बाय अ न्यू वन." चारुदत्तांनी फोन बायकोकडे, वसुधाबाईंकडे दिला.

पुली म्हणजे पुरीएवढं लोखंडी चाक. ते पट्टा ताणून धरतं. ते नसलं की इंजिन धडधडतं, पण गवत कापायचं पातं फिरत नाही. पेनसिल्व्हेनियात डेल नावाचा जुन्या पार्टांचा व्यापारी होता. अकरा वर्षांपूर्वी चारुदत्तांनी त्याच्याकडून अशीच जुनी पुली बारा डॉलरला घेतली होती.

"एकशे ऐंशी," डेल फोनवर म्हणाला.

"अहो, का पण?"

"मागणी आहे."

"कोणाची?"

"तुम्हीच मागताय ना?"

चारुदत्तांनी एक रात्र विचार केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. भाव दोनशे चाळीस झाला होता.

"दोन दिवसांत दोन चौकशा आल्या," डेल म्हणाला.

"दोन्ही माझ्याच होत्या!"

"मग तर मागणी पक्कीच म्हणायची."

शेजारी राहणारा परीक्षित पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याला यात काकांची चूक स्पष्ट दिसली. "काका, तुम्ही फार गरजू साउंड करता. मी कॉल करतो, एकदम कॅज्युअली." त्याने एकदम कॅज्युअली कॉल केला आणि पुली तीनशे नव्वदला गेली. "सॉरी काका. तो म्हणतो, आता तरुण पिढी पण यात उतरलीय."

शेवटी वसुधाबाईंनी फोन घेतला. आपल्याला अशीच एक पुली विकायची आहे, असं त्यांनी डेलला सांगितलं.

"त्या पुलीला हल्ली कोण विचारतं, मॅडम?" डेल कळवळून म्हणाला. "तुमच्याकडे बघून पंधरा देतो. पोस्टेज तुमचं."

खाजगी व्यापारातून न्याय मिळत नाही असं दिसल्यावर चारुदत्तांनी संस्थेकडे धाव घेतली. जुन्या गार्डन ट्रॅक्टरांचे सुटे भाग वाया जाऊ नयेत म्हणून एक संवर्धन मंडळ स्थापन झालेलं होतं. मंडळाकडे ब्रॅमवेलच्या एकतीस पुल्या होत्या आणि त्या मूळ भावाने देण्याचं धोरण होतं. चारुदत्तांनी चौदा पानी अर्ज भरला. अर्जासोबत ट्रॅक्टर गवत कापत असतानाचा ताजा फोटो जोडायचा होता.

"पुली तुटलीय, तर गवत कापताना फोटो कसा काढणार?" त्यांनी मंडळाचे सचिव हॉलिस यांना विचारलं.

"बंद ट्रॅक्टरला पार्ट देता येत नाही. उद्या कोणीही उठून मागेल."

"आणि चालू ट्रॅक्टरला?"

"त्याला गरज नसते." हॉलिस समाधानाने म्हणाले. "म्हणून तर सहा वर्षांत आमचा साठा एकानेही कमी झालेला नाही. शिवाय, साहेब, पार्ट बसवला की तो झिजतो."

दरम्यान वसाहतीच्या घरमालक संघाने नोटीस पाठवली. नियमाप्रमाणे गवत सहा इंचांच्या वर जाता कामा नये, आपलं नऊ इंच आहे. चारुदत्तांनी इंजिनिअरच्या शिस्तीने उत्तर दिलं की कापलेला अर्धा भाग दोन इंच आहे, न कापलेला नऊ, म्हणजे सरासरी साडेपाच. संघाच्या समितीने बैठक घेऊन हे मान्य केलं. मात्र सरासरी दर सोमवारी मोजून कळवावी, असा ठराव झाला. पुढच्या दोन सोमवारी चारुदत्त फूटपट्टी घेऊन लॉनवर ओणवे झालेले सर्वांनी पाहिले. तिसऱ्या सोमवारी सरासरी सात निघाली.

"घे बाबा ती पुली एकदाची," वसुधाबाई म्हणाल्या. "पण माझ्या सोफ्याच्या पैशांना हात लावायचा नाही. ट्रॅक्टरचा खर्च ट्रॅक्टरने काढायचा."

ही सूचना तत्त्वतः योग्य होती. चारुदत्तांनी ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे काढून विकायला ठेवले. गवत दिवसाच कापतात. दिवे विकत घेणाऱ्या ओहायोच्या गृहस्थांना मात्र दिवे मिळाल्यावर ते लावायला ट्रॅक्टर हवासा वाटू लागला. तसाच एक ट्रॅक्टर त्यांना दुसरीकडे मिळाला, पण त्याचीही पुली तुटलेली होती. त्यांनी डेलला फोन केला. भाव पाचशे दहावर गेला.

मग चारुदत्तांनी सीट विकली, कारण माणूस उभं राहूनही चालवू शकतो. स्टिअरिंग विकलं, कारण लॉन सरळ होतं आणि वळायचं फक्त टोकाला होतं. बॉनेट विकलं. प्रत्येक पार्ट घेणाऱ्याला उरलेला ट्रॅक्टर हवा होई आणि प्रत्येक ट्रॅक्टर पुलीपाशी अडे. भाव सातशेवर पोचला तेव्हा विकण्याजोगं फक्त इंजिन उरलं होतं.

इंजिन काढताना ते बराच वेळ गराजमध्ये थांबले. परीक्षित मदतीला आला होता.

"काका, आर यू शुअर?"

"पुलीच नसेल तर इंजिन ठेवून काय करायचं?" चारुदत्त म्हणाले. यात तर्काची चूक नव्हती, त्यामुळे परीक्षितने दुसऱ्या बाजूने इंजिन उचललं. ते व्हॅनमध्ये चढल्यावर चारुदत्तांनी हात पुसले, आणि हात स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिले.

जमलेल्या पैशांतून डेलकडून मागवलेली पुली नवव्या दिवशी आली. छान होती, अस्सल, गंज नाही. चारुदत्तांनी ती चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली. गराजमध्ये आता चार चाकं आणि एक सांगाडा होता. वसुधाबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, "हे आता कुठे बसतं?" चारुदत्तांनी बोटाने हवेत एक जागा दाखवली.

त्याच दुपारी वसुधाबाईंनी बोलावलेल्या लॉनवाल्याने सगळं गवत बावीस मिनिटांत कापलं. संघाने अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

इतरांनी यातून धडा घ्यावा म्हणून चारुदत्तांनी ही सगळी हकीकत मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिली. त्रेसष्ट जणांनी हात जोडले. 'काका, फार वाईट वाटलं' असं एकोणीस जणांनी लिहिलं. त्यातल्या अकरा जणांनी नंतर वेगळा मेसेज करून पुलीचा फोटो मागवला. प्रसाद नावाचे एक दंतवैद्य अकराव्या मजल्यावर राहतात, त्यांच्याकडे गवताची काडी नाही. त्यांनी थेट फोन केला.

"घेऊन ठेवतो काका. पुढे वाढेलच ना!"

"मला विकायची नाहीये," चारुदत्त म्हणाले.

"एवढी वाढणार आहे?" दंतवैद्यांनी विचारलं, आणि नऊशे सांगितले.

ही कथा छापायची परवानगी देताना चारुदत्तांनी एकच अट घातली. शेवटी त्यांचा फोन नंबर द्यायचा नाही. लोक सहानुभूतीने फोन करतात, ख्यालीखुशाली विचारतात, याला त्यांची हरकत नाही. पण फोन ठेवता ठेवता सहज म्हणून सध्याचा भाव विचारतात, ते त्यांना सोसत नाही. त्यामुळे नंबर इथे दिलेला नाही. आपण तो केवळ सहानुभूतीसाठीच शोधत होतात, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही.