बंद यादीतला नवरदेव

नवीन जालन्यातल्या वधू-वर मंडळाचा कारभार संगणकावर नेण्याचं काम बुद्धभूषणने फुकटात अंगावर घेतलं. एरवी तो बियाण्यांच्या एका कंपनीत चांगल्या पगारावर प्रोग्रामर. या समाजसेवेत त्याचा स्वार्थ नव्हता असं नाही. घनसावंगीची प्रिया, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, त्याला मनापासून आवडायची. तिचाही होकार होता. तिच्या वडिलांची, राजानंदमामांची, अट एवढीच की स्थळ मंडळाकडून रीतसर आलं पाहिजे.

मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव म्हणजे तहसिलीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. 'नोकरी' या रकान्यासाठी त्यांनी तीन शब्द सांगितले: सरकारी, निमसरकारी, बेरोजगार. बुद्धभूषण हरखला. जावा या संगणकाच्या भाषेत अशा ठरलेल्या शब्दांसाठी एनम असतो, म्हणजे कुलूपबंद यादी. तिच्यात नसलेला शब्द आत शिरूच शकत नाही. तीनच कप्पे, कोड कसा चापूनचोपून बसला. या तिन्हींत आपण स्वतः कुठे बसतो, हे बघायचं मात्र या शहाण्याला सुचलं नाही. वर त्याने पदरचं एक कलम घातलं: जो यादीत बसणार नाही, त्याला शेवटच्या कप्प्यात टाकावं. उद्घाटनाला माइक हातात आल्यावर तर त्याला चेवच चढला. आठवड्याला आठवा वार नसतो, तसा या यादीत चौथा शब्द येणार नाही, असं ठणकावून तो टाळ्या घेऊन खाली उतरला.

त्याने पहिलं नाव स्वतःचंच नोंदवलं आणि लगेचच मंडळाकडून राजानंदमामांच्या मोबाइलवर स्थळ पोचलं. बुद्धभूषण, शिक्षण बी.ई., नोकरी: बेरोजगार.

आता बोला! बुद्धभूषण मिळेल त्या जीपने घनसावंगीला धावला. मामांनी पाणी दिलं, चहा दिला, पोरगं गुणाचं आहे हेही कबूल केलं. पण यादीपुढे आपण काय बोलणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मामा, ते सॉफ्टवेअर मीच लिहिलंय," बुद्धभूषण काकुळतीला येऊन म्हणाला.

"मंग तर ते बराबरच असंल," मामा म्हणाले.

त्याने पगाराची पावती दाखवली. मामांनी ती उलटीपालटी केली आणि त्यांचा चेहराच उतरला. बेरोजगार माणसाला एवढा पगार कोण देतं, काही दोन नंबरचा धंदा तर नाही ना, असं त्यांनी हलकेच विचारलं.

मंग काय, यादीत 'खाजगी' वाढवा म्हणायला गडी सर्जेरावांकडे गेला. त्यांनी भाषणाची आठवण करून दिली, तरी माणूस मोठ्या मनाचा म्हणून बैठक बोलावली. बराच खल होऊन 'खाजगी' हा शब्द अनिश्चित स्वरूपाचा ठरला आणि एकमताने चौथा कप्पा मंजूर झाला: 'सरकारीच्या प्रतीक्षेत'. बुद्धभूषणने तो आपल्या हाताने कोडमध्ये टाकला. मामांचं समाधान झालं. नोकरी लागली की तारीख धरू, असा त्यांचा निरोप आला.

रविवारी प्रिया स्वतः जालन्याला आली. त्याच्या घरी, त्याच्या आईसमोर, म्हणजे बेबीनंदाबाईंसमोर बसून तिने सरळ सांगितलं की तो एनम उघड, 'खाजगी' टाक, बाबांना मी समजावते. एका शब्दाचं तर काम. बुद्धभूषणला पटलं. इतके दिवस आपण कोणाला भ्यालो, याची त्याला लाजही वाटली. त्याने लॅपटॉप उघडला.

तेवढ्यात बेबीनंदाबाई म्हणाल्या की मशीन उघडलंच आहे तर आपल्या पायलसाठीही एखादं स्थळ बघ. पायल त्याची धाकटी बहीण. तिच्यावर त्याचा भारी जीव. त्याने लगेच मंडळाची यादी काढली, नोकरीच्या रकान्यावर आला आणि एक क्षणही न थांबता 'सरकारी' दाबलं.

त्याचं बोट अजून बटणावरच होतं.

प्रियाने पर्स उचलली. "मी पण कोणाची तरी बहीणच हाय," ती म्हणाली. "बाबांचं काही चुकलं न्हाई. यादी बराबर हाय तुझी."

ती बसस्टँडकडे निघून गेली. बुद्धभूषण बेरोजगारासारखा बसून राहिला.

हसलात ना मनातल्या मनात? हसा. फक्त मागच्या वेळी घरी स्थळ आलं होतं, तेव्हा चहा यायच्या आत तुम्ही मुलाला पहिलं काय विचारलं होतं, तेवढं आठवून हसा.