वजन पुढं घ्या

आमच्या पिंपळीत नामदेवतात्या ज्या गाडीत बसतात, ती गाडी लगेच निघत नाही. आधी तात्या आतल्या माणसांवरून एकेक करून नजर फिरवतात, बाजारात बोकड बघावा तशी. मग हुकूम सुटतो. "दत्ता, तू ड्रायव्हरशेजारी ये. वहिनी, तुमी मधी. ते पोतं त्या अंगाला सारा." माणसं कुरकुरत उतरतात, पुन्हा चढतात. सगळी मांडामांड मनासारखी झाली की तात्या दारावर दोन थापा मारून म्हणतात, "वजन पुढं. चला आता."

दत्ता म्हणजे मी. तात्यांचा शेजारी. एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर नोकरी करतो. दुधामुळं म्हणा की जिभेमुळं म्हणा, माझी तब्येत भरदार आहे, आणि त्यामुळं तात्यांनी मला आजवर एकाही गाडीत मागं बसू दिलेलं नाही. एकदा तर माझ्याच मोटरसायकलवर त्यांनी मला टाकीला पोट टेकेपर्यंत पुढं सरकवलं होतं. बारामतीपर्यंत मी तसाच गेलो. हँडल वळवायला जागा नव्हती, म्हणून वळणं कशी घेतली ते माझं मला माहीत.

मोरगावला जाताना एस.टी.त त्यांनी कंडक्टरला धरलं. "समदी माणसं मागं भरलीत. गाडी शेपटावर बसंल." कंडक्टर वैतागून म्हणाला, "आजोबा, हे काय विमान हाय व्हय?"

झालं. याच प्रश्नाची तर तात्या वाट बघत असतात. "विमानाचंच सांगतोय," असं म्हणून त्यांनी कंडक्टरला शेजारी बसवून घेतलं ते मोरगाव येईपर्यंत सोडलं नाही. पुढचे दोन थांबे लोकांनी आपापली घंटी वाजवली.

तात्या तरुणपणी पलटणीत होते. पलटण एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायची तर कधी आगगाडीनं, कधी विमानानं. विमान म्हणजे डकोटा, नाहीतर पॅकेट. पंख्याची विमानं. "डकोटा हितं मैदानात शेपूट टेकून बसायचं, कुत्रं बसतं तसं. आत शिरलं की चढण. सामान पाठीवर घिऊन घाट चढल्यावानी वर जायाचं." चढायच्या आधी प्रत्येक जवानाला बंदूक-बिछान्यासकट काट्यावर उभं करत. वजन घेणारा हवालदार कोण, तर तात्या. आत दोन्ही बाजूंना कापडी बाकं, भिंतीला पाठ लावून बसायचं. विमान पळायला लागलं की आतला एअरफोर्सवाला ओरडणार, वजन पुढं घ्या. मग सगळी पलटण बूट घासत पुढं सरकायची, तेव्हा कुठं शेपूट उचलायचं.

हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की माझ्या धाकट्याला पाढ्यांच्या आधी डकोटा पाठ झालं. पण गावाचा त्यावर विश्वास नाही. चहाच्या टपरीवर तात्या आले की कोणीतरी हटकून विचारतं, "तात्या, माणसं सरकवून विमान उडत होतं, मग वळवायला कासरा होता का?" सगळे खिदळतात. तात्या चहा बशीत ओतत म्हणतात, "येड्यांनो, हवेत समदं वजनावर असतं. एक दिस कळंल." माघारी त्यांचं नाव 'वजनतात्या' पडलं आहे. ते त्यांना ठाऊक आहे, आणि लागतंही. कारण एकदा मला म्हणाले, "दत्ता, बारा गावचं पाणी प्यालो, पण माझ्या गावानं मला थापाड्या ठरवलं बघ."

त्यांच्यावर पुरता विश्वास असलेलं गावात एकच माणूस. सोनाआक्का, त्यांची बायको. काडीसारखी बारीक, कायम हिरवं लुगडं. बारामतीच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर घिरट्या घालतात. गावात कोणी मान वर करत नाही. आक्का मात्र भाकरी तव्यावर टाकून अंगणात येतात, पदर सारखा करतात आणि विमान दिसेनासं होईपर्यंत वर बघत उभ्या राहतात. भाकरी करपते. तात्या ती करपलेली भाकरी चकार शब्द न काढता खातात, आणि हा माणूस एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेतो.

तात्यांनी आक्कांना एक कबूल केलं होतं. एकदा विमानात बसवून वरनं सगळं दाखवीन. पेन्शन आली, पोरींची लग्नं झाली, गुडघे गेले, पण ते राहिलं. यंदा श्रावणात नागपूरला नातीच्या बाळाचं बारसं निघालं आणि नातजावयानं विमानाची तिकिटं पाठवली. सोबतीला मी, कारण मी कंपनीच्या कामानं एकदा विमानात बसलो होतो.

तात्यांनी मला एवढंच विचारलं, "पंखा हाय का त्याला?"

आहे म्हणालो. छोटं विमान, दोन्ही बाजूंना पंखे.

"मग येतो. बिनपंख्याच्याचा भरवसा न्हाय. पंखा कसा, फिरतोय का थांबलाय ते डोळ्यांनी दिसतं."

पुण्याच्या विमानतळावर पहिली गंमत झाली. काउंटरवरच्या मुलीनं बॅग पट्ट्यावर ठेवा म्हटलं. तात्यांनी बॅग ठेवली, आकडा वाचला, बॅग उतरवली आणि काठी माझ्याकडं देऊन स्वतःच पट्ट्यावर चढून ताठ उभे राहिले. सावधान. पाठीमागं ही रांग.

"आजोबा, तुमचं नाही, फक्त बॅगेचं वजन."

"आणि माणसाचं कोण करणार? उडत्यात काय नुसत्या बॅगा?"

मी त्यांना हाताला धरून उतरवलं तर म्हणाले, "दत्ता, ह्यांचं काय खरं न्हाय. ह्यांनी अंदाजपंचे विमान सोडायचं काढलंय." आणि आक्कांकडं वळून, "तू घाबरू नगंस. मी हाय."

विमान निम्मं रिकामं होतं. आमच्या जागा मागं. आक्कांना खिडकी दिली. त्या पदर सारखा करून काचेला नाक लावून बसल्या, शेजारी तात्या उभेच, कारण त्यांची माणसांची पाहणी चालली होती. त्यांचा चेहरा उतरला. "समदी मागं बसलीत," ते पुटपुटले. मी त्यांचा सदरा ओढला. म्हटलं, आता इथं तोंड उघडाल तर उतरवतील आपल्याला.

तेवढ्यात हवाईसुंदरी पुढं आली आणि गोड आवाजात आधी इंग्रजीत आणि मग मराठीत म्हणाली, "मागच्या रांगांमधल्या काही प्रवाशांनी कृपया पुढच्या रिकाम्या जागांवर बसावं. विमानाच्या समतोलासाठी हे गरजेचं आहे."

तात्या दगडासारखे थिजले. मग हळूच म्हणाले, "दत्ता. काय म्हणली ती?"

"वजन पुढं घ्या म्हणाली, तात्या."

"मोबाईल काढ. पोरी, परत म्हण बरं एकदा."

ती बिचारी परत म्हणाली. ते रेकॉर्डिंग आज पिंपळीतल्या निम्म्या मोबाईलमध्ये आहे, आणि टपरीवर कासऱ्याचा प्रश्न कायमचा बंद झाला आहे.

पण तिथं कोणी हलेना. एक जण म्हणाला, मी ह्या सीटचे जादा पैसे भरलेत. दुसऱ्यानं कानात गाण्याची बोंडं घातली. मुलगी दोनतीनदा विनवून रडकुंडीला आली. मग तात्यांनी काठी माझ्या मांडीवर ठेवली, कंबर सरळ केली, आणि असा आवाज काढला की पुढं वैमानिकानंही ऐकला असेल.

"वजन पुढं!"

कानातली बोंडं गळून पडली. "तुमी, निळा शर्ट, ऐंशीच्या वर हायसा, तिसऱ्या रांगेत. तुमी दोघं जोडीनं, त्यांच्या मागं. चष्मेवाले, तुमी बसा, तुमच्यात काय न्हाय." माणसं मुकाट उठली. बूट घासत, एकामागं एक, पुढं सरकली. जादा पैसेवाला तर सगळ्यात आधी गेला. मिनिटभरात काम फत्ते. हवाईसुंदरीनं मोजलं आणि म्हणाली, "आजोबा, अजून दोघं हवेत."

तात्यांनी आक्कांकडं बघितलं. आक्का उठायला लागल्या. "तू बस," ते म्हणाले. "खिडकी सोडू नगंस. तुझं काय वजन धरायचं." मग माझ्याकडं वळले. "दत्ता, तू एकटाच दोघांच्या भारी हायस. पण मीबी येतो." आम्ही पुढं निघालो तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या लग्नातल्या व्याह्यासारखे दोन्हीकडं नमस्कार करत चालले. इतका जिंकलेला माणूस मी जवळून बघितला नव्हता.

आम्ही नेमके पंख्याशेजारी बसलो. पंखा फिरायला लागला, विमान थरथरलं. मी म्हटलं, "तात्या, बघा तुमचा पंखा." वळून बघतो तर तात्यांचे डोळे गच्च मिटलेले, आणि त्यांनी माझं मनगट असं धरलेलं की बोटं बधिर झाली.

"तात्या, भीती वाटतीय?"

"पहिल्यापासनं," ते डोळे न उघडता म्हणाले. "एकदाबी उघडले न्हाईत. आणि उघडून काय, डकोटात खिडक्या पाठीमागं. तिला सांगू नगंस."

विमान ढगात शिरलं. मग तात्या आपणहून सांगायला लागले. "नवं लगीन. रजा संपवून निघालो की ती जेवायची न्हाय. आईचा निरोप यायचा, पोरगी वाळली. मग पुढच्या रजेला तिला सांगितलं, आमचं विमान पिंपळीवरनं जातं. तुझं हिरवं लुगडं वरनं वळखू येतं मला. तवापासनं दोन घास जेवायला लागली. विमान दिसलं की अंगणात यायची. अजून येती. मला लई वंगाळ वाटतं, दत्ता. आज ती बघंल खाली, आणि तिला कळंल की वरनं माणूस वळखू येत न्हाय."

मी खिडकीतून खाली बघितलं. खाली नुसता ढग. पुण्यापासून नागपूरपर्यंत हातभर जमीनसुद्धा दिसली नाही. तसं मी तात्यांना सांगणार होतो, पण त्यांचे ओठ हलत होते, देवाचं नाव चाललं असावं, म्हणून गप्प बसलो आणि मनगट त्यांच्याकडंच राहू दिलं.

नागपूरला उतरल्यावर हवाईसुंदरीनं तात्यांना वाकून नमस्कार केला. निळ्या शर्टवाल्यानं फोटो काढून घेतला. तात्यांचं लक्ष मात्र शिडीवर. आक्का सगळ्यात शेवटी आल्या, एकेक पायरी जपून उतरत. तात्या पुढं झाले, हात दिला, पण विचारायचं धाडस होईना. शेवटी कसंबसं म्हणाले, "दिसलं का गं काय?"

आक्कांनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग पदर सारखा केला.

"दिसलं की. समदं तुमी सांगत हुतासा तसंच. एक बाई वाळवण घालत हुती अंगणात. हिरवं लुगडं तिचं, लांबनं वळखू आलं."

तात्यांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.

"व्हय," ते म्हणाले. "मीबी बघितली."