एक हजार नववं जनावर

दुष्काळात आमच्या सोसायटीनं दिंद्रुडजवळ चारा छावणी काढली. सचिव म्हणून छावणीतल्या सगळ्या जनावरांची यादी मी सुवाच्य अक्षरात लिहिली, आणि माझी स्वतःची गाय लिहायची विसरलो.

हे उघडकीला आणलं उस्मानभाईनं. उस्मानभाई म्हणजे विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा माझा जुना दोस्त. आकडा दिसला की तो फुटतो का, हे बघितल्याशिवाय त्याला चैन नाही. एकदा भर वरातीत नवरदेवाची जीप थांबवून त्यानं सांगितलं, "मुबारक हो. गाडीचा नंबर फुटत न्हाई." मूळ संख्येला एक आणि ती स्वतः, याशिवाय कशानं भाग जात नाही; त्यामुळं 'फुटत न्हाई' ही त्याची सगळ्यात मोठी तारीफ. दुकानाच्या शटरवर त्यानं खडूनं दहा हजार सात लिहून ठेवलेलं.

"शंभरापर्यंत भागून बघ," तो म्हणायचा. "पुढं जायचं कामच न्हाई. मोठ्यानं भाग जात असता, तर त्याचा धाकटा जोडीदार आधीच घावला असता."

मी अविश्वासानं तीनशेपर्यंत गेलो. वही संपली.

विहिरी आटल्या, मोटारी थांबल्या, तसा तो दिवसभर छावणीतच बसू लागला. तपासणीचे साहेब येणार होते. त्यांना मोजायला सोपं जावं म्हणून मी जनावरं सारख्या ओळींत बांधायला काढली. वीस-वीसच्या ओळी केल्या, नऊ उरली. एकवीसच्या केल्या, एक उरलं. चोवीसच्या केल्या, तरी एक. गडी मला शिव्या द्यायच्या बेतात आले. उस्मानभाई उपड्या बादलीवर बसून बघत होता.

"कावून फिरवतो बे मुक्या जनावरांना? एक हजार नऊ हायेत. आख्ख्या दुनियेत त्याच्या सारख्या ओळी व्हायच्या न्हाईत. एकतीसपर्यंत भागून बघितलं म्या."

पण यादीत तर एक हजार आठच होती. यादी घेऊन दावणीनं फिरलो. जास्तीची निघाली ती आमचीच कपिली. यादी बंद झालेली. यादीबाहेरचं जनावर साहेब घरी धाडणार, आणि घरी चिपाडसुद्धा नाही.

उस्मानभाई उठला आणि त्यानं छावणीत बांधलेली आपली म्हैस दावणीवरनं सोडली. भाभी गेल्यापासून त्याच्या घरात तेवढंच एक माणूस होतं.

"माझं नाव काट, तुझं लिही. आता चोवीसच्या बेचाळीस ओळी बसत्यात."

खाडाखोडीवर चेअरमननं सही केली. साहेबांनी ओळींबद्दल माझं कौतुक केलं. मीही ते घेतलं.

आठवड्यानं त्याच्या दुकानी गेलो. बंद मोटारींच्या मधोमध म्हैस बांधलेली. फळवाल्यांकडून मागून आणलेल्या कलिंगडाच्या साली तो तिला एकेक भरवत होता, आणि मधूनच आपल्या भाकरीतला तुकडा. मी उपकाराचं बोलायला लागलो तर म्हणाला, "कसले उपकार बे? छावणीत तिला करमत नव्हतं. अन् हितं मला."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, बरंच झालं म्हणायचं, म्हैस घरी आणणं त्याच्याही सोयीचंच होतं.

तिनं कपिलीच्या दुधाचा तांब्या माझ्या हातात दिला.

"रोज नेऊन द्यायचा. अन् तिथं तोंड उघडू नका. तुमच्यापरीस छावणीतल्या बैलाला जास्ती कळतंय."