बालगृहाची फळी भट्टीवर आली नाही

फेझ शहरातलं कुठलंही जुनं घर माझ्या हाती द्या, भिंतीवरची एकही नक्षीची फरशी न दुखावता नवं करून देतो! म्हणून तर पणजोबांच्याही आधीपासूनच्या बालगृहाचं काम माझ्याकडे आलं.

सरकारी साहेबांनी बजावलं होतं, स्वयंपाकघर सुधारा, नाहीतर मुलं दुसऱ्या गावी हलवू. मोठ्या बाई, लल्ला रकिया, धास्तावल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, निवांत राहा. विजेचा ओव्हन बसवतो. मुलांना कणकेचे पाव फळ्यांवर मांडून गल्लीतल्या भट्टीवर भाजायला न्यायलाच नको."

ओव्हन बसला. पाव असे फुगले की दोन दिवस मी त्याच्यासमोरून हललो नाही. मुलं मात्र हिरमुसली. कोणाकडे लग्न, कोणाकडे पाहुणे, सगळ्या बातम्या त्यांना भट्टीवर मिळायच्या.

साहेब तपासणीला यायच्या सकाळी दार वाजलं. समोर शेजारची हज्जा फदीला, रडून डोळे लाल, हातात कुसकुसचं पातेलं. मला बघून ती दचकलीच. मग म्हणाली, "धीर धरा." मी म्हटलं धरतो, पण कशासाठी? तिला आणखीच रडू फुटलं. मागोमाग दुखवट्याच्या घरी नेतात तशा साखरेच्या ढेपा आल्या, हाफिज येऊन अंगणात कुराणपठणाला बसलेसुद्धा. म्हणजे सांत्वनाला आले होते सगळे! पण गेलं कोण? मी मुलं मोजली, बाईंनी गडीमाणसं मोजली. सगळे जागेवर. तरी बाई रडायला लागल्या, एवढे लोक आलेत म्हणजे कोणीतरी गेलं असणारच!

तेवढ्यात साहेब आले. गर्दी बघून बूट काढून मुकाट बसले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"मीही तेच शोधतोय, साहेब."

भट्टीवाला अल्लाल पुढे झाला. "दोन दिवस पोरांची फळी आली नाही, साहेब. सुतकाच्या घरीच चूल बंद असते. पोरांच्या घरी दुःख, मग आम्ही नाही यायचं तर कोणी यायचं?"

 साहेब कुसकुस खाऊन उठताना म्हणाले, "मुलं इथून हलणार नाहीत." ओव्हनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

लल्ला रकियांचा जीव भांड्यात पडला. माझा काही पडेना. अल्लालला कोपऱ्यात गाठून विचारलं, नेमकं कोण गेलंसं वाटलं होतं तुम्हाला?

"तू. दोन दिवस दिसलाच नाहीस."

मला भरूनच आलं. "माझ्यासाठी एवढी गल्ली रडली?"

"तुझ्यासाठी नाही रे. अर्धं घर खणून ठेवलंयस, आता बाईंचं कसं होणार म्हणून!"