रॅम जुळवणारे भिकूमामा

डिचोलीच्या बाजारात कुणाकडे नवा काँप्युटर आला की मालकाच्या आधी भिकूमामा त्याचं पोट उघडतात. बोलावलेलं कुणीच नसतं. खाणीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला हा माणूस खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर ठेवतो आणि बोर्डावरचा बारीक नंबर भिंगातून वाचतो, तोही आरतीच्या आवाजात.

"रॅम म्हळ्यार पाव न्हय, खंयच्याय पोदेराकडचो चलपाक!" रॅम म्हणजे कुठल्याही पाववाल्याकडचा चालायला पाव नव्हे, हे त्यांचं ब्रीद.

माझा काँप्युटर रखडायला लागला तेव्हा मी मामांना न विचारता पणजीहून रॅमची पट्टी आणली. ती बसेना. अंगठ्याने दाबणार, तोच खिडकीतून गर्जना आली, "हात काड!"

मामा चपलांसकट आत. पट्टी उजेडाला धरून तिच्यावरची खाच दाखवली. "खाच खंय आसा पळय. तुजो बोर्ड डीडीआर थ्री, ही फोर. दाबली असतीस तर दोनूय गेली असती!" मग अगदी हळहळून, "शिकलेलो न्हय रे तू?"

तसंच स्कूटरवर घालून मला पणजीला नेलं. दुकानदाराने दुसरी पट्टी काढली.

"ही आखूड. लॅपटॉपाची."

तिसरी काढली.

"सोळा जीबी? हो बोर्ड एका खोबणीत आठाच्या वर घेना!"

चौथी पसंत पडेपर्यंत बाकीची गिऱ्हाइकं मामांभोवती गोळा झाली होती. एका बाईंनी मोबाइलवर आपल्या बोर्डाचा फोटो दाखवला. मामांनी तिघांना हात हलवत घरी धाडलं, तेव्हा दुकानदाराने स्वतःच आमची स्कूटर वळवून दिली.

गेल्या रविवारी सकाळी आभार मानायला आमोण्याला त्यांच्या घरी गेलो. मामी गेल्यापासून ते एकटेच. त्यांनी आपला काँप्युटर चालू केला, चहा केला, आमचा पिऊनही झाला. पडद्यावर गोल फिरतच होतं. मी वाकून बोर्डाचा नंबर वाचला, मोबाइलवर शोधला.

"मामा, एक खोबण रिकामी आहे. आठ जीबी सहज घेईल."

"घेना."

"घेतो हो, इथे यादीत..."

"घेना म्हणून सांगलां न्हय!"

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून त्यांची मुलगी. बाबांचा काँप्युटर रखडतो म्हणून दर रविवारी फोन करते आणि तो चालू होईपर्यंत बोलत राहते.

"बाबा, चालू जालो?"

"ना गो, फिरता अजून."

"मग तोवर सांग, आज जेवणाक कितें?"

मामा खुर्चीत ऐसपैस बसले. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, नदीला आलेलं पाणी, शेजाऱ्यांच्या गाईला झालेली पाडी. बोलता बोलता पडदा लख्ख उजळला. मामांनी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली.

"ना गो," ते फोनवर म्हणाले, "खंय चालू जाता इतक्यात?"