डावा कोपरा

लोकांची घरं चकाचक करणाऱ्या रंगाऱ्याच्या स्वतःच्या घराचं छत मात्र कळकट होतं. अखेर मेहुणी राहायला येणार म्हटल्यावर तो एकदाचा शिडीवर चढला. बायको खालून सूचना देत होती. अर्धं छत होतं न होतं तोच त्याला गरगरलं आणि तो ब्रशसकट खाली आला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. बायकोच्या मते ही शुद्ध नाटकं होती. लोकांच्या उंच इमारती रंगवताना बरी चक्कर येत नाही, असं ती म्हणायची. आपण कामचुकार नाही हे हिला पटवायचं कसं, या काळजीनं त्याची झोप उडाली.

शेवटी तो तिलाच घेऊन कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेला. बाईंनी स्कॅन करून त्याचा आतला कान थ्रीडीमध्ये पडद्यावर आणला. कलिंगडाएवढा होऊन तो चारी बाजूंनी फिरू लागला. शंखासारखी गुंडाळी आणि तिला लागून तीन कड्या. वरच्या कडीच्या हाडाला बारीक भोक पडलेलं होतं.

"म्हणजे गिलावा पडलाय," रंगारी हरखून म्हणाला. पुरावा मिळाल्याच्या आनंदात भोकाचं दुःख करायचं राहूनच गेलं.

"अशानं मोठा आवाज झाला की तोल जातो. मग तो आवाज कुणाचाही असो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही शिडीवर असता तेव्हा घरात कसला आवाज होतो?"

रंगारी फरशी न्याहाळू लागला.

"आमच्या घरात कसला आलाय आवाज?" बायको कडाडली आणि रंगारी खुर्चीसकट डॉक्टरबाईंच्या टेबलावर कलंडला. आणखी तपासणीची गरज उरली नाही.

बायको पार खजील झाली. घरी येताच बाह्या सरसावून ती स्वतःच शिडीवर चढली आणि चकार शब्द न काढता रंगवू लागली. रंगारी खाली बादलीशेजारी स्टुलावर बसला. बायकोनं आपलं खरं मानलं, या विचारानं त्याला भरून आलं होतं. आता हिला एका शब्दानं बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं. पण ती ब्रश वाटेल तसा फिरवत होती, जागोजागी ओघळ सोडत होती आणि डावा कोपरा तसाच ठेवून ती चक्क पुढे सरकली. धंद्यातल्या माणसानं हे किती वेळ सोसायचं?

"अगं, डावा कोपरा राहिला!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला आणि स्वतःच्याच आवाजानं गरगरून स्टुलावरून थेट बादलीत बसला.

बायकोनं शिडीवरून वाकून पाहिलं.

"या वेळी मी नाही हं," ती कुजबुजली.