बारावं पाकीट

हेडक्लार्क पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वाडग्यात दीपगृहाचं जुनं तिकीट तरंगत होतं. ज्या स्मारक-पाकिटावरून ते सुटलं होतं, ते पाकीट ओट्यावर गाळणीशेजारी वाळत पडलं होतं.

"आई, हे काय केलंस?"

"तुझंच काम हलकं केलं. लहानपणी तूच नाही का पाकिटं भिजवून तिकिटं सोडवायचास? टेबलावरच्या गठ्ठ्यातलं वरचंच पाकीट उचललं. बाकीची अकरा राहिलीत, गुडघा दुखला म्हणून जरा बसले."

"अगं, तेव्हा मी सुटी तिकिटं जमवायचो. इथे तिकीट, पाकीट आणि त्या दिवसाचा शिक्का एकत्र असला तरच किंमत."

"मग परत चिकटव की."

पावणेपाच झाले होते. तिकीट-प्रदर्शनाचे परीक्षक पाचला येणार होते. तीन वर्षं अर्ज नाकारल्यावर यंदा कुठे त्यांनी घरी यायचं कबूल केलं होतं, तेही या बाराव्या पाकिटासाठी. हेडक्लार्कांनी ही बातमी ऑफिसभर सांगून ठेवली होती. त्यांनी तिकीट टिपलं, तर त्यावरचा अर्धा शिक्काही धुतला गेलेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. गोंदाच्या बाटलीचं झाकण गोंदानेच घट्ट बसलं होतं. ते दातांनी उघडत असतानाच बेल वाजली.

परीक्षकांनी अकरा पाकिटं शांतपणे पाहिली. "आणि बारावं?"

"ते... जरा..."

"भिजलंय," आई म्हणाली आणि ताटलीतून तिकीट-पाकीट घेऊन आली. "मीच भिजवलं."

परीक्षकांनी भिंग काढलं.

"कुठून घेतलंत हे?"

"एका दुकानातून. बारा वर्षं झाली."

"खरा शिक्का अर्धा तिकिटावर पडतो, अर्धा पाकिटावर. इथे तिकिटाखालच्या कागदावर अख्खा गोल आहे. म्हणजे शिक्का आधी, तिकीट नंतर. तिकिटावरचा अर्धा गोल कोणीतरी साध्या शाईने काढला होता, तो धुतला गेला. हे बनावट पाकीट प्रदर्शनात लागलं असतं आणि तिथे उघडकीला आलं असतं, तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. आजींचे उपकार माना."

हेडक्लार्क मटकन खुर्चीत बसले. बारा वर्षांचा अभिमान गेला, पण अब्रू वाचली. आईवर रागवावं की तिला जवळ घ्यावं, ते त्यांना कळेना.

आईने तेवढ्यात वाडग्यातलं पाणी बदललं.

"मग उरलेली अकराही भिजवून बघू का?"

परीक्षकांनी उत्सुकतेने हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्क उठले. अकरा पाकिटं त्यांनी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि विचारलं, "चहा घेणार ना?"